दाढ काढली? मग आज थुंकायचं नाही! तोंडाच्या ऑपरेशनआधी आणि नंतर काय सांभाळायचं, वाचा सविस्तर

शहाड : मुरबाड, गोवेली, कांबा, म्हारळ या पट्ट्यातून दातांच्या उपचारासाठी शहाड, उल्हासनगर किंवा कल्याणला येणाऱ्या माणसाचा दिवस साधारण सारखाच असतो. सकाळची एसटी नाहीतर शेअर रिक्षा, दवाखान्यात नंबर, दुपारी दाढ काढायची आणि तोंडात कापसाचा बोळा धरून परतीची गाडी पकडायची.

गडबड बहुतेक वेळा परतीच्या वाटेवरच होते. रायत्याचा पूल यायच्या आत तोंडात लाळ साचते. खिडकीतून पचकन थुंकलं जातं. थुंकी लाल दिसली की माणूस घाबरून पुन्हा थुंकतो. घरी पोहोचल्यावर कुणीतरी गरम पाण्याच्या गुळण्या करायला सांगतं. संध्याकाळी सवयीने तंबाखूची चिमूट दाढेखाली जाते. मग रात्री अकरा वाजता उशी लाल होते. गावात गाडी नाही, दवाखाना वीस-पंचवीस किलोमीटर लांब.

दाढ नीट निघालेली असूनही हे होऊ शकतं. म्हणून दाढ काढताना काय होतं, जखम कशी भरते आणि आपल्याकडून काय चुकतं, हे आधीच माहीत असलेलं बरं.

सगळा खेळ रक्ताच्या गुठळीचा

दाढ निघाली की हाडात खळगा राहतो. तो रक्ताने भरतो आणि थोड्या वेळात ते रक्त गोठून त्याची गुठळी बनते. हीच गुठळी जखमेचं झाकण असते. तिच्याखाली नवीन मांस आणि पुढे नवीन हाड तयार होतं. शेतात पेरलेल्या बियाण्यावर माती असते, तशी ही गुठळी. माती वाहून गेली की बी उघडं पडतं. गुठळी निघाली की हाड उघडं पडतं.

जोरात थुंकणं, चूळ भरणं, स्ट्रॉने पिणं, बिडी-सिगारेट ओढणं या सगळ्यात तोंडात ओढ किंवा दाब तयार होतो आणि गुठळी सुटते. गरम पाण्याने आणि गरम चहाने रक्त पुन्हा वाहायला लागतं. त्यामुळे पहिल्या २४ तासांचा नियम एकच : गुठळीला धक्का लागेल असं काहीही करायचं नाही. पुढच्या बहुतेक सूचना याच नियमातून निघतात.

तोंडाचं ऑपरेशन म्हणजे नेमकं काय?

साधी दाढ काढणं ही सुद्धा एक छोटी शस्त्रक्रियाच आहे. त्याशिवाय हिरडीत किंवा हाडात अडकलेली अक्कलदाढ काढणं, पू झालेली गाठ फोडणं, जबड्यातली गाठ काढणं, मोडलेला जबडा जोडणं, तोंडातल्या जखमेचा तुकडा तपासणीसाठी काढणं हे सगळं यात येतं.

अक्कलदाढ साधारण १७ ते २५ वर्षांच्या दरम्यान येते. जबड्यात जागा नसेल तर ती आडवी किंवा अर्धवट राहते. तिच्यावरच्या हिरडीत अन्न अडकतं, सूज येते, तोंड उघडत नाही. अशी दाढ काढताना हिरडी थोडी कापावी लागते, कधी हाड घासावं लागतं, दाढेचे तुकडे करावे लागतात आणि टाके पडतात. त्यामुळे ‘शेजाऱ्याची दाढ पाच मिनिटांत निघाली, माझ्या दाढेला तासभर का लागला?’ असं वाटून घेऊ नका. दोन्ही कामं वेगळी आहेत.

खालच्या अक्कलदाढेच्या मुळाजवळून ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस जाते. ती किती जवळ आहे हे पाहण्यासाठी डॉक्टर पूर्ण जबड्याचा मोठा एक्सरे काढायला सांगतात. त्याला ओपीजी म्हणतात. हा खर्च उगाच लावला असं समजू नका. एक्सरे न पाहता अक्कलदाढेला हात घालणं धोक्याचं आहे.

जाण्याआधी : डॉक्टरांपासून काही लपवू नका

‘दाढेचं दुखणं आहे, बीपीच्या गोळीचा काय संबंध?’ असं अनेकांना वाटतं. पण संबंध आहे. घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून सोबत न्या. नावं पाठ करायची गरज नाही. खालच्यापैकी काहीही असेल तर विचारायची वाट न पाहता स्वतःहून सांगा.

- रक्त पातळ करायची गोळी : इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन, ॲसिट्रॉम अशा गोळ्या हृदयविकार किंवा लकव्यानंतर दिलेल्या असतात. या गोळ्या स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नका. दाढेतून रक्त आलं तर ते दाबून, टाका घालून थांबवता येतं. गोळी बंद केल्यामुळे हृदयात किंवा मेंदूत गुठळी अडकली तर जीवावर बेतू शकतं. साधी दाढ बऱ्याचदा गोळी चालू ठेवूनच काढतात. ते दंतवैद्य आणि तुमचे हृदयाचे डॉक्टर मिळून ठरवतील.
- साखर : शेवटचा रिपोर्ट सोबत न्या. साखर फार वाढलेली असेल तर जखम भरायला उशीर लागतो आणि पू होण्याची भीती वाढते. साध्या भुलीखाली दाढ काढायची असेल तर नेहमीची गोळी किंवा इन्सुलिन घ्या आणि जेवूनच जा. इन्सुलिन घेऊन उपाशी बसलात तर खुर्चीतच साखर उतरून चक्कर येईल.
- ब्लड प्रेशर : त्या दिवशीची गोळी चुकवू नका. बीपी वाढलेलं असेल तर रक्त जास्त वाहतं.
- हृदयाची झडप : कृत्रिम झडप बसवली असेल किंवा हृदयाच्या आतल्या भागाला पूर्वी जंतुसंसर्ग झाला असेल तर दाढ काढण्याआधी अँटिबायोटिकचा डोस लागतो.
- हाडं ठिसूळ झाल्याचं औषध : आठवड्यातून एकदा घ्यायची ॲलेंड्रोनेटची गोळी किंवा झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन चालू असेल तर जबड्याचं हाड भरून यायला त्रास होऊ शकतो.
- मान, गाल किंवा तोंडाला शेक (रेडिएशन) घेतलेला असेल : शेक कितीही वर्षांपूर्वी घेतला असला तरी सांगा. अशा जबड्यातली दाढ साध्या पद्धतीने काढली तर हाड कुजण्याचा धोका असतो.
- ॲलर्जी : पेनिसिलीन किंवा एखाद्या पेनकिलरने पूर्वी अंगावर गांधी उठल्या असतील, श्वास लागला असेल तर त्या औषधाचं नाव लिहून न्या.
- गरोदरपण : दिवस गेल्याची शंका असेल तरी सांगा. दाढेचं काम करायचंच असेल तर चौथा ते सहावा महिना त्यातल्या त्यात सोयीचा. पण पू झाला असेल तर वाट पाहत बसू नये. गरोदर बाईने दुकानातून आणलेली पेनकिलर घेऊ नये. बाळ अंगावर पीत असेल तर तेही सांगा.
- ताप : पावसाळ्यात डेंग्यूचा संशय असेल तर दाढ काढायची घाई नको आणि ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्याही नकोत. डेंग्यूत रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात आणि रक्त थांबत नाही. आधी रक्त तपासा.

तंबाखू, मशेरी, गुटखा, दारू यांपैकी काय चालतं तेही खरं सांगा. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका.

उपाशी जायचं की जेवून?

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. सोपा हिशोब असा :

तोंडातच इंजेक्शन देऊन भूल देणार असतील तर जेवून जा. नंतर दोन-तीन तास काही खाता येणार नाही. रिकाम्या पोटी भीतीने चक्कर येते. दात घासून जा.

पूर्ण बेशुद्ध करणार असतील तर साधारण सहा तास आधीपासून जेवण आणि दूध बंद, दोन तास आधीपासून पाणीसुद्धा बंद. नक्की वेळ भूलतज्ज्ञ सांगतील तीच पाळा. ‘एक घोट चहा घेतला तर काय होतंय’ असं म्हणून चालत नाही. बेशुद्धीत उलटी झाली तर पोटातलं अन्न फुफ्फुसात जाऊ शकतं. चुकून खाल्लं असेल तर लाजू नका, सांगा. ऑपरेशन पुढे ढकलता येतं.

गाडीचं गणित आधी जमवा

खेड्यातल्या रुग्णासाठी ही गोष्ट औषधाइतकीच महत्त्वाची आहे.

शक्य असेल तर सकाळची वेळ घ्या. दाढ काढल्यावर लगेच गाडी पकडू नका. दवाखान्याच्या बाकावर अर्धा-पाऊण तास बसा, बोळा काढून डॉक्टरांना दाखवा, रक्त थांबलं की निघा. जे काही व्हायचं ते सकाळच्या रुग्णाला दुपारी दवाखाना उघडा असताना होतं. संध्याकाळच्या रुग्णाला ते मध्यरात्री होतं.

दुखणं फार नसेल तर आठवडी सुट्टीच्या आदल्या दिवशी दाढ काढू नका. दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद असतो. पावसाळ्यात आणखी एक काळजी घ्या. उल्हास नदीला पूर आला की रायत्याच्या पुलावरची वाहतूक थांबते. पाऊस धो-धो असेल तर तारीख बदलून घ्या.

सोबत एक माणूस असू द्या. बेशुद्ध करून ऑपरेशन झालं असेल तर त्या दिवशी मोटारसायकल, ट्रॅक्टर काहीही चालवायचं नाही. निघण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर घ्या : गोळ्या कशा घ्यायच्या, पुन्हा कधी यायचं आणि रात्री त्रास झाला तर कोणत्या नंबरवर फोन करायचा. थोडं निर्जंतुक गॉजही मागून घ्या.

पहिले २४ तास : घड्याळ लावून पाळा

पहिला पाऊण तास : बोळ्यावर दात घट्ट दाबून ठेवा. सारखा काढून बघू नका. बोलणं कमी करा. लाळ आली तर गिळा. लाळ लालसर असली तरी ती बहुतांश लाळच असते, एक थेंब रक्तानेही ती लाल दिसते.

पहिले दोन ते चार तास : ओठ, गाल, जीभ सुन्न असते. काही चावून खाऊ नका, गाल चावला गेला तरी कळत नाही. लहान मुलं सुन्न ओठ गंमत म्हणून चावतात आणि नंतर मोठी जखम होते, त्यांच्यावर लक्ष ठेवा. भूल उतरायच्या आत डॉक्टरांनी सांगितलेली दुखण्याची गोळी काहीतरी मऊ खाऊन घ्या.

पहिला दिवस : गालावर बाहेरून थंड शेक द्या. बर्फ थेट कातडीवर नको, फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं ठेवायचा, तेवढाच वेळ काढायचा. घरी बर्फ नसेल तर थंड पाण्यात पिळलेला पंचाही चालतो. पहिल्या दिवशी गरम शेक देऊ नका. सूज आणि रक्त दोन्ही वाढतं.

रात्री : दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवून झोपा. उशीवर जुना टॉवेल टाका. त्यावर थोडे लालसर डाग पडले तर घाबरायचं कारण नाही.

दिवसभर बंद : थुंकणं, चूळ भरणं, गुळण्या, स्ट्रॉ, बिडी, तंबाखू, मशेरी, दारू, गरम चहा, वाकून करायची कामं, ओझं उचलणं. भातलावणीचे दिवस असले तरी एक-दोन दिवस चिखलात वाकायला जाऊ नका. डोकं खाली गेलं की रक्ताचा दाब तोंडाकडे येतो.

दुसऱ्या दिवसापासून मिठाचं पाणी

२४ तास झाले की मिठाचं पाणी सुरू करा. एक ग्लास कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ. घोट तोंडात घ्यायचा, मान हळू डावी-उजवीकडे करायची आणि पाणी आपोआप बाहेर पडू द्यायचं. खळखळ गुळणी नाही, पिचकारी नाही. जेवणानंतर प्रत्येक वेळी, दिवसातून चार-पाच वेळा. बाकीचे दात हलक्या हाताने ब्रशने घासा. जखमेजवळ ब्रश नेऊ नका, पण ‘जखम आहे’ म्हणून आठवडाभर तोंड न धुणंही चूक आहे.

खायचं काय?

विकतचं काही आणायची गरज नाही. पहिल्या दिवशी थंड किंवा कोमट : ताक, दही-भात, थंड दूध, केळं, गार झालेली पेज. दुसऱ्या दिवसापासून मऊ भात-वरण, मुगाची खिचडी, नाचणीची आंबील, उकडून कुस्करलेला बटाटा, मऊ अंडं, दुधात भिजवलेली भाकरी किंवा पोळी. दुसऱ्या बाजूने चावा. चार-पाच दिवस शेंगदाणे, चिवडा, कडक भाकरीचा पापुद्रा, तिखट ठेचा टाळा. शेंगदाण्याचा कण खळग्यात बसला की निघता निघत नाही. तो काडीने किंवा सुईने उकरू नका.

साखरेच्या रुग्णांनी उपास धरू नये. गोळी घेतली आणि खाल्लं नाही तर साखर उतरते.

गोळ्यांचे चार नियम

१. पेनकिलर रिकाम्या पोटी नको. मूत्रपिंडाचा त्रास, पोटातला अल्सर किंवा दमा असेल तर आधीच सांगा.

२. दोन वेगळ्या नावांच्या गोळ्यांत एकच औषध असू शकतं. पुष्कळ पेनकिलरमध्ये पॅरासिटामॉल मिसळलेलं असतं. त्यावर तापाची वेगळी गोळी घेतली तर डोस दुप्पट होतो आणि यकृताला इजा होते. पाकिटावरचं नाव घरातल्या शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्या.

३. अँटिबायोटिक दिलं असेल तर सांगितले तितके दिवस घ्या. दिलं नसेल तर मेडिकलमधून स्वतःहून आणू नका. प्रत्येक दाढेला ते लागत नाही. मेट्रोनिडाझोल दिलं असेल तर दारू पूर्ण बंद. त्यावर दारू घेतली तर उलट्या, धडधड, चक्कर असा त्रास होऊ शकतो. गोळ्या संपल्यावरही दोन-तीन दिवस थांबा.

४. गोळी गिळायची असते. ॲस्पिरिनची गोळी दाढेपाशी दाबून ठेवली तर हिरडी भाजून पांढरी पडते.

किती दिवस काय होतं?

अक्कलदाढ काढल्यावर सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते. ‘काल बरं होतं, आज गाल जास्त फुगला’ म्हणून घाबरू नका, पुढे ती उतरायला लागते. गालावर निळसर-पिवळा डाग येऊ शकतो. जबडा थोडा आखडतो. काही टाके आपोआप विरघळतात, काही सातव्या दिवसाच्या आसपास काढावे लागतात. तुमचे कोणते, ते विचारून घ्या. वरची हिरडी दोन-तीन आठवड्यांत जुळते, आतलं हाड भरायला काही महिने लागतात.

दुखण्याचा साधा नियम लक्षात ठेवा : रोज थोडं थोडं कमी व्हायला हवं. कमी होत आलेलं दुखणं तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा उसळलं, कानापर्यंत ठणका गेला, तोंडाला घाण वास आला, गोळीनेही थांबेना, तर गुठळी निघून हाड उघडं पडलेलं असू शकतं. डॉक्टर याला ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात. साध्या दाढेनंतर शंभरात एक ते पाच जणांना हा त्रास होतो, खालच्या अक्कलदाढेनंतर त्याहून जास्त. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना धोका अधिक. यावर घरगुती उपाय करत बसू नका. दवाखान्यात खळगा धुऊन औषधी पट्टी भरली की बऱ्याचदा त्याच दिवशी आराम पडतो.

रक्त पुन्हा सुरू झालं तर?

घाबरून तोंड धुऊ नका. सरळ बसा, आडवे होऊ नका. स्वच्छ गॉजची जाड घडी पाण्याने ओली करा, नेमकी खळग्यावर ठेवा आणि दात घट्ट दाबून घड्याळ लावून ३० मिनिटं बसा. गॉज नसेल तर धुतलेल्या सुती कापडाची घडी चालेल. सुटा कापूस नको, त्याचे धागे जखमेत अडकतात. हळद, चुना, तंबाखू, कॉफी काहीही भरू नका. अर्ध्या तासाने थांबलं नाही तर आणखी एकदा दाबा आणि दाबलेल्या अवस्थेतच दवाखान्याकडे निघा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर वाट न पाहता फोन करा.

ही लक्षणं दिसली तर सकाळची वाट पाहू नका

- सूज जबड्याखाली आणि मानेकडे उतरत आहे
- थुंकी गिळता येत नाही, लाळ बाहेर येते, जीभ वर उचलल्यासारखी वाटते
- श्वास घ्यायला त्रास, आवाज बदलला
- सूज डोळ्यापर्यंत गेली, डोळा बंद होतोय
- थंडी वाजून ताप, तोंड उघडेनासं झालं
- दाबूनही रक्त थांबत नाही
- औषध घेतल्यावर अंगावर गांधी, ओठांना सूज, धाप

जबड्यातला पू मानेत उतरला तर श्वासनलिका दाबली जाऊ शकते. ‘नुसतं दाढेचं दुखणं’ म्हणत रात्र काढल्यामुळे जीव गेल्याची उदाहरणं वैद्यकशास्त्रात आहेत. अशा वेळी १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. दातांच्या छोट्या दवाखान्याऐवजी थेट मोठं रुग्णालय गाठा.

ओठ किंवा हनुवटी दुसऱ्या दिवशीही सुन्न वाटली तर डॉक्टरांना कळवा. बहुतेकांची संवेदना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येते, पण त्याची नोंद लवकर व्हायला हवी.

मशेरी आणि तंबाखूवाल्यांसाठी वेगळं

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरी तंबाखू-चुना आणि मशेरी घराघरात आहे. अनेक बायका मशेरीला तंबाखू मानतच नाहीत, ‘मी फक्त दात घासते’ म्हणतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. दाढ काढल्यावर किमान तीन दिवस आणि शक्यतो जखम भरेपर्यंत ती तोंडात जाऊ नये. तेवढे दिवस निघाले तर पुढचे का नाही? सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे.

एक तपासणी घरीच करा. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील, तिखट लागताच तोंडाची आग होत असेल, गालात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा कोणतीही जखम दोन आठवड्यांत भरली नसेल तर लगेच दाखवा. दाढ काढल्यावर तो खळगा भरण्याऐवजी तिथे मांस वाढत असेल तरीही. डॉक्टर छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतील. ‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो’ हा समज खोटा आहे. उलट तुकडा तपासायला उशीर झाला, की लहान ऑपरेशनवर भागणारं दुखणं जबडा काढण्यापर्यंत जातं.

कुठे जायचं, पैसे किती?

आधी जवळचं सरकारी रुग्णालय विचारा. मुरबाड, गोवेली, बदलापूरला ग्रामीण रुग्णालय आहे, शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आणि उल्हासनगरला कॅम्प ३ मध्ये मध्यवर्ती रुग्णालय. दंतवैद्य कोणत्या वारी बसतात ते केसपेपरच्या खिडकीवर विचारून मगच फेरी मारा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत केले आहेत.

अवघड अक्कलदाढ, जबड्याची गाठ किंवा फ्रॅक्चर असेल तर मुंबईत सीएसएमटीजवळ शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलला नायर दंत महाविद्यालय आहे. शहाडहून सीएसएमटीला थेट लोकल आहे. तिथे खर्च खासगीपेक्षा बराच कमी येतो, पण रांग असते. सकाळी लवकर पोहोचा आणि दोन फेऱ्यांची तयारी ठेवा. कर्करोगाचा संशय असेल तर परळचं टाटा रुग्णालय.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत साधी दाढ काढणं सहसा बसत नाही. तोंडाच्या कर्करोगाची किंवा जबड्याच्या फ्रॅक्चरची शस्त्रक्रिया असेल तर मात्र पैसे भरण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा किंवा १५५३८८ वर फोन करा. रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत ठेवा.

खासगीत गेलात तर बोर्डावर बीडीएस किंवा एमडीएस ही पदवी आणि नोंदणी क्रमांक आहे का बघा. बाजारात खुर्ची टाकून दात काढणाऱ्याकडे जाऊ नका. त्याची पक्कड नीट निर्जंतुक केलेली नसेल तर कावीळ-बी, कावीळ-सी आणि एचआयव्हीचा धोका असतो. एकूण खर्च किती, त्यात एक्सरे आणि टाके धरलेत का, हे आधी विचारणं हा तुमचा हक्क आहे.

हे समज सोडा

‘वरची दाढ काढली की नजर जाते.’ नाही. डोळ्याची नस वेगळी, दाढेची वेगळी. उलट वरच्या दाढेतला पू तसाच ठेवला तर सूज डोळ्यापर्यंत जाऊ शकते.

‘रिंगणीच्या बियांची धुरी घेतली की दाढेतला किडा पडतो.’ दाढेत किडा नसतो. डोळ्यांना न दिसणारे जंतू आणि साखर मिळून दाढ पोखरतात. धुरीनंतर खाली पडलेलं दिसतं ते बियांतलंच असतं.

‘सूज असताना दाढ काढतच नाहीत.’ हे डॉक्टर ठरवतील. कधी आधी पू काढतात, कधी सूज असतानाच दाढ काढणं हाच उपाय असतो. सूज उतरायची वाट पाहत घरी बसणं सगळ्यात धोक्याचं.

‘दुखणं थांबलं, आता दाढ काढायची गरज नाही.’ गोळीने दुखणं दबतं, कीड तशीच राहते. काही महिन्यांनी ती पुन्हा उठते, आणि तेव्हा नेमके लग्नाचे नाहीतर लावणीचे दिवस असतात.

मोबाईलमध्ये जपून ठेवा

✔ गोळ्यांची पिशवी सोबत, साध्या भुलीला जेवून
✔ सकाळची वेळ, सोबत माणूस, डॉक्टरांचा नंबर
✔ बोळा पाऊण तास, लाळ गिळा, थुंकू नका
✔ पहिला दिवस थंड, दुसऱ्या दिवसापासून मिठाचं कोमट पाणी
✔ तंबाखू-मशेरी-दारू बंद
✔ रक्त आलं तर ३० मिनिटं दाब
✔ मानेला सूज, गिळायला किंवा श्वासाला त्रास : १०८

घरातल्या म्हाताऱ्या माणसाची दाढ काढायची असेल तर ही यादी त्यांना वाचून दाखवा. आणि परतीच्या रिक्षात शेजारी बसून एकच आठवण करत राहा : ‘आज गिळायचं, थुंकायचं नाही.’

*(ही माहिती सर्वसाधारण आहे. प्रत्येकाचं दुखणं वेगळं असतं. तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांनी वेगळी सूचना दिली असेल तर तीच पाळा.)*